डॉकरची डिस्क भरली म्हणून स्टोरेज ड्रायव्हर बदलायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरच्या मोंढ्यातलं एक आडत दुकान. तिथल्या सर्व्हरवर उबंटू आहे, ५०० जीबीची एसएसडी आहे आणि सोबत १ टीबीची साधी हार्ड डिस्क रिकामी पडून आहे. सॉफ्टवेअर देणाऱ्यानं डॉकर कंपोजवर (डॉकर प्रत्येक सॉफ्टवेअर ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या खोक्यात चालवतो, आणि ही सगळी खोकी एका फाइलीत लिहून एकत्र चालवतो तो कंपोज) सगळं बसवून दिलंय: पोस्टग्रेसचा डेटाबेस, वेब ॲप, पुढं एनजिनएक्स (वेब सर्व्हर) आणि काटा पावत्यांच्या पीडीएफ. सोयाबीनची आवक वाढली तसं भर दुपारी ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येऊन काम थांबायला लागलं. रूट पार्टिशन (डिस्कचा सिस्टिम आणि डॉकर असलेला भाग) ९८ जीबीचं दिसतंय आणि पूर्ण भरलंय. विचारणाऱ्याला दोन गोष्टी हव्यात: डॉकरचा सगळा पसारा १ टीबीच्या डिस्कवर कसा हलवायचा, आणि ओव्हरले२ सोडून वेगवान स्टोरेज ड्रायव्हर (कंटेनरच्या फाइली डिस्कवर मांडणारा डॉकरचा भाग) कोणता घ्यायचा.

माझं मत: ड्रायव्हरला हात लावू नका आणि पसारा हार्ड डिस्कवर हलवू नका. तुमची अडचण जागेची वाटतेय, पण पाठवलेली कंपोज फाइल पाहिल्यावर मला भीती वेगळीच वाटते. तुमचा डेटाबेस नेमका कुठं लिहिला जातोय हे त्या फाइलीत कुठंच सांगितलेलं नाही. जागेचं अर्ध्या तासात सुटेल, पण घाईघाईत ती सोडवताना डेटाबेस जाऊ शकतो. म्हणून पुढचं सगळं वाचून मगच टर्मिनल उघडा. (आज्ञा मी बोलतो तशा लिहिल्यात, टाइप मात्र नेहमीसारख्या करा.)

आधी तो ९८ जीबीचा आकडा. एसएसडी ५०० जीबीची आणि रूट ९८ ची, मग बाकीची गेली कुठं? उबंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएम (डिस्कची जागा हवी तशी वाटणारी व्यवस्था) वापरतो तेव्हा २०० जीबीपेक्षा मोठ्या डिस्कवर रूटसाठी फक्त १०० जीबीचा भाग कापून देतो. उरलेली जागा व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे एलव्हीएमच्या सामायिक साठ्यात, मोकळी राहते आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. ‘व्हीजीएस’ चालवा. ‘व्हीफ्री’च्या खाली साडेतीनशेच्या आसपास आकडा दिसला तर तुमच्याकडं जागा आधीपासूनच आहे. ‘एलव्हीएक्स्टेंड’ला ‘-आर’ हा पर्याय दिला की फाइल सिस्टिमही सोबतच वाढते, सर्व्हर बंद करावा लागत नाही, चालू डॉकरलाही धक्का बसत नाही. सगळी जागा एकदम देऊ नका, ५० जीबी मागं ठेवा. पुढच्या हंगामात ती कामी येते.

पण ज्यानं ९८ जीबी खाल्ले तो ४०० ही खाईल. तो कोण ते शोधायला लोक ‘डॉकर सिस्टिम डीएफ’ चालवतात. इमेज (सॉफ्टवेअरचा तयार साचा), कंटेनर, व्हॉल्यूम (डेटा ठेवायची वेगळी जागा) आणि बिल्ड कॅश यांचा हिशोब त्यात दिसतो, आणि हिशोब जुळत नाही म्हणून गोंधळ होतो. कंटेनरच्या लॉग फाइली त्यात धरलेल्याच नसतात. त्या असतात /व्हार/लिब/डॉकर/कंटेनर्स मध्ये. तिथं ‘डीयू’ (फोल्डरनं किती जागा घेतली ते सांगणारी आज्ञा) लावून बघा. आडतीचं सॉफ्टवेअर दर सेकंदाला काट्याचं वजन वाचून एक ओळ छापत असेल, तर ती प्रत्येक ओळ तिथं साठते. डॉकरचा मूळचा लॉग ड्रायव्हर जेसन-फाइल आहे आणि त्याला आपण सांगितल्याशिवाय मर्यादाच नाही. छोट्या धंद्यांतल्या सर्व्हरवर डिस्क भरण्याचं हे मी पाहिलेलं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. वाळूजच्या कारखान्यांतही तेच आणि तालुक्याच्या पतसंस्थेतही तेच.

लॉग फाइल ‘आरएम’ करून उडवू नका. डॉकरनं ती उघडी धरलेली असते, त्यामुळं नाव गेलं तरी जागा सुटत नाही आणि मग ‘डीयू’ एक आकडा सांगतो, ‘डीएफ’ (डिस्कवर किती जागा उरली ते सांगणारी आज्ञा) दुसराच. ‘ट्रंकेट’ वापरून आकार शून्यावर आणा, जागा तिथल्या तिथं मोकळी होईल. हा झाला आजचा इलाज. कायमचा इलाज /ईटीसी/डॉकर/डीमन.जेसन मध्ये आहे: एकतर लॉग ड्रायव्हर ‘लोकल’ करा, तो स्वतःच जुनं दाबून काढत जातो; किंवा जेसन-फाइलच ठेवून ‘मॅक्स-साइज’ १० एमबी आणि ‘मॅक्स-फाइल’ ३ लिहा. तो ३ अवतरणचिन्हांत हवा, नुसता आकडा लिहिला तर डीमन (मागं चालणारी डॉकरची मुख्य सेवा) उठत नाही. स्वल्पविराम चुकला तरी उठत नाही, म्हणून रीस्टार्टच्या आधी ‘डॉकरडी’ला ‘व्हॅलिडेट’ लावून फाइल तपासून घ्या.

आता खरा धोका. हे लॉगचं सेटिंग फक्त नव्यानं बनलेल्या कंटेनरला लागू होतं. नुसतं रीस्टार्ट करून भागत नाही. जुना कंटेनर पुसून नवा उभा करावा लागतो. आणि कंटेनर पुसला की त्याच्या स्वतःच्या थरात लिहिलेलं सगळं पुसलं जातं. इथं थोडं थांबून सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

इमेज म्हणजे एकावर एक रचलेले फक्त वाचता येणारे थर. कंटेनर सुरू झाला की त्यांच्यावर एक पातळ लिहिता येणारा थर येतो. मोजणीच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून खुणा कराव्यात तसं: नकाशा तसाच राहतो, खुणा कागदावर, आणि कागद टाकला की खुणा गेल्या. ओव्हरले२ हे थर एकत्र करून दाखवतो. खालच्या थरातली फाइल बदलायची झाली तर तो आधी ती अख्खी फाइल वर उचलून आणतो, मग बदलतो. छोट्या फाइलींना हे कळतही नाही. पण सतत लिहिल्या जाणाऱ्या डेटाबेसची ही जागाच नव्हे.

व्हॉल्यूम मात्र या थरांच्या बाहेर असतो. तो थेट यजमान मशीनच्या फाइल सिस्टिमवर जातो, स्टोरेज ड्रायव्हरचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणजे तुमचा डेटाबेस योग्य जागी असेल तर ड्रायव्हर बदलून त्याचा वेग तसूभरही वाढणार नाही. उलट ड्रायव्हर बदलताच सगळ्या जुन्या इमेज आणि कंटेनर डॉकरला दिसेनासे होतात. डिस्कवर जागा मात्र अडवून बसतात. इंटरनेटवर जुने लेख ‘डिव्हाइसमॅपर लावा’ म्हणतात. डॉकरनं एयूएफएस हा जुना ड्रायव्हर २४ व्या आवृत्तीत काढला, डिव्हाइसमॅपर २५ व्या आवृत्तीत. ते लेख २०१६-१७ चे आहेत, सोडून द्या. डिस्कची फाइल सिस्टिम आधीपासून बीटीआरएफएस किंवा झेडएफएस असेल तर वेगळी गोष्ट. तुमची ईएक्सटी४ आहे.

डेटाबेस कुठं आहे ते असं बघा: ‘डॉकर इन्स्पेक्ट’ पोस्टग्रेसच्या कंटेनरवर चालवा आणि ‘माउंट्स’ हा भाग (कंटेनरला बाहेरून काय जोडलंय त्याची यादी) वाचा. माझा अंदाज, तिथं व्हॉल्यूमचं नाव म्हणून ६४ अक्षरांची अगम्य ओळ दिसेल. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्येच व्हॉल्यूम जाहीर केलेला आहे. त्यामुळं कंपोज फाइलीत काही लिहिलं नाही तरी डॉकर निनावी व्हॉल्यूम बनवतो आणि सगळं व्यवस्थित चालल्यासारखं दिसतं. ‘कंपोज अप’ पुन्हा केलं तर कंपोज तोच निनावी व्हॉल्यूम नव्या कंटेनरला जोडून देतो. पण कुणी ‘डाऊन’ (कंटेनर थांबवून पुसणं) करून ‘अप’ केलं, की नवा कोरा व्हॉल्यूम जोडला जातो आणि सॉफ्टवेअर उघडल्यावर एकही शेतकरी, एकही पट्टी दिसत नाही.

त्या क्षणी डेटा गेलेला नसतो. जुना व्हॉल्यूम अनाथ होऊन तिथंच पडलेला असतो. पण डिस्क भरलेली आहे, माणूस घाबरलेला आहे, आणि कुणीतरी सांगतं, ‘व्हॉल्यूम प्रून मार’. डॉकरच्या २३ व्या आवृत्तीपासून ही आज्ञा मुळात निनावी आणि वापरात नसलेले व्हॉल्यूमच पुसते, नाव दिलेले सोडून देते. म्हणजे नेमका तुमचा डेटाबेसच तिच्या तोंडी जातो. म्हणून निनावी व्हॉल्यूम सापडला तर आधी ‘पीजी डंप’ (डेटाबेसची नक्कल फाइलीत काढणं), मग कंपोजमध्ये नाव दिलेला व्हॉल्यूम, मग त्यात डंप परत भरणं. या क्रमात फरक करू नका.

नाव देतानाही दोन खाचा आहेत. पहिली, कंपोज तुमच्या नावाच्या आधी प्रोजेक्टचं नाव चिकटवतो, आणि ते नाव न दिल्यास फोल्डरवरून घेतो. कुणी ‘आडत’ फोल्डरचं नाव ‘आडत-नवीन’ केलं की व्हॉल्यूमही नवा, कोरा. त्यामुळं कंपोज फाइलीच्या अगदी वर ‘नेम’ लिहून टाका. डेटाबेसचा व्हॉल्यूम मी तर हातानं बनवतो आणि कंपोजमध्ये ‘एक्स्टर्नल ट्रू’ लिहितो. मग कुणी ‘डाऊन’ला ‘-व्ही’ (व्हॉल्यूमही पुसा, असं सांगणारा पर्याय) लावला तरी कंपोज त्याला शिवत नाही. दुसरी खाच माउंटच्या पत्त्याची. पोस्टग्रेस १७ पर्यंतच्या इमेजमध्ये व्हॉल्यूम /व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/डेटा वर जोडायचा. शेवटचं ‘डेटा’ विसरलात तर तुमचा व्हॉल्यूम रिकामा राहतो आणि आतमध्ये निनावी व्हॉल्यूम बनून डेटा तिकडं जातो. १८ पासून उलटं झालंय: आता /व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल वरच जोडायचा, आत आवृत्तीच्या नावाचं फोल्डर ते स्वतः करतं. कंपोजमध्ये ‘लेटेस्ट’ लिहिलेलं असेल तर इमेज ओढताना एका रात्रीत १७ चं १८ होईल. आकडा लिहा.

पीडीएफ पावत्यांसाठी मी नाव दिलेला व्हॉल्यूम घेणार नाही, बाइंड माउंट (मशीनवरचं साधं फोल्डरच कंटेनरला जोडणं) घेईन. मुनीमजींना ती फोल्डर उघडून बघायची असते, सीएला पाठवायची असते. माणसाच्या हाताला लागणाऱ्या फाइली माणसाला कळेल अशा पत्त्यावर असाव्यात, उदाहरणार्थ /एसआरव्ही/पावत्या. फरक एवढा लक्षात ठेवा: रिकामा व्हॉल्यूम जोडला तर इमेजमधल्या त्या जागेच्या फाइली त्यात उतरतात, बाइंड माउंट मात्र इमेजमधलं झाकून टाकतो. तात्पुरत्या फाइलींना टीएमपीएफएस (मेमरीतच राहणारी फाइल सिस्टिम) पुरे.

बाइंड माउंटवर ‘परमिशन डिनाइड’ आलं की लोक ७७७ (सगळ्यांना सगळं करायची परवानगी) मारतात. नका मारू. कंटेनरमधला वापरकर्ता नावानं नाही, आकड्यानं ओळखला जातो. पोस्टग्रेसची नेहमीची इमेज ९९९ वापरते, अल्पाइनची ७०. एकीवरून दुसरीवर गेलात की जुन्या फाइलींचा मालक परका ठरतो. ‘चोन’ करून मालक बदला, बस. रॉकी किंवा तत्सम लिनक्सवर एसई-लिनक्स (सुरक्षेची जादा व्यवस्था) आडवा येतो, तिथं माउंटच्या शेवटी मोठा ‘झेड’ लावावा लागतो. तुम्हाला उबंटूवर त्याची गरज नाही.

आता आपल्याकडचा विषय: लाईट. लातूर असो की हिंगोली, सर्व्हर दिवसातून एकदा तरी अचानक बंद होणार हे धरूनच सेटिंग करायचं. डॉकरच्या माहितीपत्रकात हा प्रसंग ठळक लिहिलेला नसतो, पण मराठवाड्यात कंटेनरचं स्टोरेज बिघडण्याचा राजमार्ग हाच आहे. क्रम असा असतो. डेटाबेससाठी दुसरी डिस्क बसवताना कुणीतरी एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना कोणत्या डिस्क लावायच्या त्या यादीत) ‘नोफेल’ लिहिलेलं असतं, म्हणजे ती डिस्क नाही लागली तरी मशीन सुरू व्हावं. लाईट येते, मशीन उठतं, डिस्क तपासणीत अडकते किंवा केबल ढिली असते, माउंट होत नाही. डॉकर मात्र वेळेवर उठतो. त्याला डिस्कच्या जागी रिकामं फोल्डर दिसतं. छोट्या पद्धतीनं लिहिलेलं बाइंड माउंट नसलेलं फोल्डर रूटच्या (मशीनच्या मुख्य वापरकर्त्याच्या) नावानं बनवूनही टाकतं. पोस्टग्रेसला वाटतं नवा संसार आहे, तो कोरा डेटाबेस मांडतो. आणि गेटवर ट्रॅक्टर उभे असल्यानं ऑपरेटर त्या कोऱ्या डेटाबेसमध्ये नव्या नोंदी करायला लागतो. दुपारी डिस्क परत लागते तेव्हा सकाळच्या नोंदी एकीकडं आणि कालपर्यंतच्या दुसरीकडं. हे जुळवणं डिस्क भरण्यापेक्षा कितीतरी जिकिरीचं.

याला तीन आडकाठ्या घाला. सिस्टिमडीमध्ये (लिनक्सवरच्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेत) डॉकरच्या सेवेला ‘रिक्वायर्स माउंट्स फॉर’ ही ओळ द्या, म्हणजे ती डिस्क लागल्याशिवाय डॉकर उठणारच नाही. कंपोजमध्ये बाइंड माउंट लांब पद्धतीनं लिहा आणि ‘क्रिएट होस्ट पाथ’ फॉल्स करा. पत्ता मात्र डिस्कच्या आतल्या फोल्डरचा द्या, माउंटच्या जागेचा नको, कारण ती जागा डिस्क नसतानाही रिकामी का होईना असतेच. आणि डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या जागेवर ‘सीएचॲटर +आय’ करून ठेवा. मग डिस्क नसताना तिथं रूटलाही काही लिहिता येत नाही. काम थांबलेलं परवडतं, चुकीच्या जागी चाललेलं परवडत नाही.

यूपीएस स्वतंत्र हवा. दुकानाचा इन्व्हर्टर लाईट गेल्यावर बदलायला क्षणभर घेतो आणि तेवढ्यात मशीन रीस्टार्ट होऊ शकतं. यूएसबीवाला यूपीएस घ्या, ‘नट’ नावाचं सॉफ्टवेअर बसवा, बॅटरी संपत आली की मशीन नीट बंद होईल. ‘नीट’ या शब्दाला डॉकरमध्ये मर्यादा आहे: थांबायला सांगितल्यावर तो कंटेनरला साधारण १० सेकंद देतो आणि मग मारून टाकतो. पोस्टग्रेसला ‘स्टॉप ग्रेस पीरियड’ २ मिनिटांचा द्या. आणि वेगासाठी कुणी ‘एफसिंक’ (लिहिलेलं खरंच डिस्कवर पोचलं याची खात्री करणं) बंद करायला सांगितलं तर ऐकू नका. स्वस्त एसएसडीत लाईट गेल्यावर हातातलं लिहून संपवायला कपॅसिटर नसतात. त्यात एफसिंकही बंद असेल तर डेटाबेस देवाच्या भरवशावर. उन्हाळ्यात पत्र्याच्या केबिनमध्ये सर्व्हर ठेवलात तर हीच एसएसडी तापून वेग कमी करते, तेव्हाही दोष डॉकरला दिला जातो.

१ टीबीच्या हार्ड डिस्कवर डॉकर का नको, ते आता उघड आहे. डेटाबेस छोट्या छोट्या तुकड्यांत इकडंतिकडं लिहितो आणि फिरत्या डिस्कला तेच सगळ्यात जड जातं. तिच्यावर पीडीएफ आणि बॅकअप ठेवा. पुढं कधी दुसरी एसएसडी घेतली आणि डॉकर हलवायचा झालाच तर: डॉकरची सेवा आणि सॉकेट दोन्ही थांबवा, नुसती सेवा थांबवली तर सॉकेट तिला पुन्हा उठवतो, ‘आरसिंक’ला ‘-एएचएएक्स’ आणि ‘न्यूमेरिक आयडीज’ देऊन नक्कल करा, डीमन.जेसनमध्ये ‘डेटा-रूट’ बदला, सुरू करून ‘डॉकर इन्फो’त नवा पत्ता दिसतोय का पाहा, जुन्या फोल्डरचं नाव बदलून आठवडाभर ठेवा. नवी डिस्क ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस करा, एक्सएफएसला ‘एफटाइप’ १ असावा लागतो. विंडोजच्या एनटीएफएस किंवा एक्सफॅट डिस्कवर हा खटाटोप करूच नका. आणखी एक: डॉकर २९ नव्यानं बसवला असेल तर इमेज /व्हार/लिब/कंटेनरडी मध्ये जातात. डेटा-रूट बदलून त्या हलत नाहीत, कंटेनरडीच्या (डॉकरच्या खाली कंटेनर चालवणाऱ्या सेवेच्या) कॉन्फिगमध्ये त्याचा पत्ता वेगळा बदलावा लागतो. ‘डेटा-रूट हलवला तरी रूट भरतंय’ असं कुणी म्हणालं की मी आधी तेच बघतो.

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप आज्ञा चालवणाऱ्या सोयीत) ‘सिस्टिम प्रून’ला ‘-ए’ आणि ‘व्हॉल्यूम्स’ जोडून रोज रात्री चालवायची सवय काहींना असते. व्हॉल्यूम कधीही आपोआप पुसू नयेत. इमेज पुसायच्या तर ‘अंटिल’ लावून आठवड्यापेक्षा जुन्या तेवढ्याच पुसा, आणि हेही ध्यानात असू द्या की वापरात नसलेली इमेज पुसल्यावर ती परत ओढायला इंटरनेट लागतं. हंगामात केबल तुटलेल्या दिवशी हा शहाणपणा महागात पडतो. जागा मोकळी दिसत असूनही ‘नो स्पेस’ आलं तर ‘डीएफ -आय’ बघा. लाखो बारीक फाइलींनी आयनोड (प्रत्येक फाइलीला लागणाऱ्या नोंदीच्या जागा) संपवलेले असू शकतात. ईएक्सटी४ मध्ये जागेच्या मानानं त्यांचं प्रमाण फॉरमॅट करतानाच ठरतं.

बॅकअपसाठी चालू व्हॉल्यूमचा ‘टार’ (फाइलींचा गठ्ठा) करू नका. डेटाबेस लिहीत असताना काढलेली नक्कल अर्धवट असते. ‘डॉकर एक्झेक’मधून ‘पीजी डंप’, ‘-एफसी’ पद्धतीत, रोज रात्री हार्ड डिस्कवर. एक्झेकला ‘-टी’ देऊ नका, टर्मिनलमुळं त्या बायनरी फाइलीतली अक्षरं बदलतात आणि बॅकअप आहे तेवढा दिसतो, परत भरता येत नाही. आठवड्यातून एक प्रत दुकानाबाहेर जाऊ द्या. महिन्यातून एकदा तो डंप दुसऱ्या कंटेनरमध्ये भरून कालची शेवटची पट्टी दिसतेय का ते बघा.

आज मोंढा बंद झाल्यावर तुम्ही एवढंच करा: डंप काढा आणि पेन ड्राइव्हवर घ्या, लॉग ट्रंकेट करा, एलव्हीएम वाढवा. कंटेनर पुसून नवे करायचं काम आज नको. ‘इन्स्पेक्ट’मधला ‘माउंट्स’चा भाग आणि ‘व्हीजीएस’चा निकाल इथं टाका. निनावी व्हॉल्यूम निघाला तर तो कसा हलवायचा ते तुमची पोस्टग्रेसची आवृत्ती बघून सांगतो. तोपर्यंत ‘डाऊन’ आणि ‘प्रून’ या दोन आज्ञांपासून सगळ्यांना लांब ठेवा, सॉफ्टवेअरवाल्याच्या फोनवरच्या माणसालासुद्धा.